हरवली

आमच्याकडे ‘चुकली’ म्हणत नाहीत.
थाळी न फुटता गेली
की गुण मांडणारा पोरगा ओरडतो, ‘हरवली!’
जणू पलीकडच्या सोयाबीनमध्ये
शोधली तर मिळेल.

तो पोरगा मी होतो.
त्याआधी त्याहून खालचा:
जमिनीत अर्ध्या पुरलेल्या काँक्रीटच्या खोलीत
यंत्राच्या हातावर थाळ्या ठेवणारा.
तासाला साठ सेंट.
डांबर आणि चुनखडीच्या त्या थाळ्या,
संध्याकाळपर्यंत बोटं काळी.
तिथून दिसत काही नाही, नुसतं ऐकू येतं.
‘पुल’ म्हणताना कोणी भुंकतं,
कोणी विनवतं,
कोणी पळालेल्या कुत्र्याला हाक मारावी तसं.
व्हर्लीन स्टुखलिक म्हणायची
जेवताना मीठ मागावं तितक्याच आवाजात.
मग एक बार.
मग शेजारच्याची पाळी.

एकसष्ट साल, ती एकोणीस वर्षांची,
बापाची बंदूक, दस्ता करवतीनं कापून आखूड केलेला.
त्या दिवशी तिच्या पाळीला
वरून एकदाही ‘हरवली’ ऐकू आलं नाही.
मी शंभर मोजले आणि बाहेर आलो,
बघायला, की ही आहे तरी कोण.
ती काडतुसांची टोपली धुऊन
उलटी वाळत घालत होती.

या खेळात जिंकलं की मागे सरकवतात.
तेच बक्षीस.
एकोणीस यार्डांवरून वीस, बावीस, चोवीस,
दर उन्हाळ्यात थाळी थोडी लहान.
सत्तावीसवर रेघ संपते.
त्यामागे प्लॅट नदीच्या वाळूत उगवलेलं गवत,
आणि घडीच्या खुर्चीत तिचा नवरा ओल्ड्रिच,
मका काय भावानं गेला ते कोणालातरी सांगत.

अठ्ठ्याहत्तर. ओहायोतला मोठा मेळा.
त्र्याण्णव फुटल्या होत्या.
चौऱ्याण्णवाव्याला
खांदा पुढे गेला, गाल दस्त्यावर आपटला,
आणि बोट हललंच नाही.
थाळी सावकाश, अख्खी, ऊन खात गेली.
पुढच्या वर्षी हे दर पाळीला होऊ लागलं.
डोळा म्हणे हो, बोट म्हणे बघू.
ओमाहाचा डॉक्टर झाला,
संमोहनवाला झाला, चष्मा तीनदा बदलला.

मी तोवर बंदुका दुरुस्त करायचो.
तिच्या एकनळीला उलटा घोडा बसवला:
आधी दाबून धरायचा,
सोडला की बार.
तो सबंध हिवाळा ती माझ्या दुकानात
काडतुसांच्या खोक्यावर बसून
रिकामी बंदूक भिंतीवरच्या खिळ्यावर धरायची.
खट्. खट्.
बाहेर बर्फ, आत स्टोव्ह,
बोलणं जवळजवळ नाहीच.

मार्चमध्ये ओल्ड्रिच गेला.
चर्चमध्ये पाद्री त्याच घोड्यावर बोलला,
की सोडून देण्यातच कसं सारं काही आहे.
बाहेर आल्यावर ती मला म्हणाली,
‘छे. एक स्प्रिंग आहे आणि एक आकडा.’
जूनमध्ये राज्याच्या सामन्यात दोनशेपैकी दोनशे.

मी एकदा हिशेब मांडला:
कागदावर नोंदलेल्या थाळ्या दोन लाख सत्त्याऐंशी हजार,
म्हणजे दहा टन शिसं
या बाईनं आयुष्यात हवेत उधळलं.
डावा कान त्यात गेला.
पट्ट्यांची चांदीची बक्कलं कॉफीच्या डब्यात आहेत;
नातवंडं येतात तेव्हा एकेक नेतात,
ती मोजत नाही.
शेजारचा हॅव्हलिना दर वसंतात नांगरताना
नारिंगी तुकडे वर काढतो, शिव्या घालतो,
आणि एखादी अख्खी सापडली
तर माझ्या काउंटरवर आणून ठेवतो.
त्यातल्या तिच्या किती, कोण सांगणार.

गेल्या बुधवारी शाळेची पोरं सरावाला आली होती.
ती एक्याऐंशीची; पंचवीस मारल्या.
सतरावी डावीकडे वळली
आणि वळतच राहिली.
गुण मांडणारा पोरगा, कानात नवी कोरी बोळी,
पेन्सिल धरून गप्प.
ती मागे वळली.
‘म्हण की,’ म्हणाली.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी छताकडे.
‘हरवली,’ तो पुटपुटला.
‘मोठ्यानं. मला डाव्या बाजूनं येत नाही.’