कुठल्या पावसाचं बी

नेत्रावळीच्या रोपवाटिकेत माझी एक नोंदवही आहे.
रकाने: झाड, तारीख, वजन, बी कुठलं.
शेवटच्या रकान्यात आजवर एकच शब्द: स्थानिक.
सतरा वर्षं मी तो
विचार न करता लिहीत आले.

बिया पुनो वेळीप आणतो.
दिवसाची हजेरी, अंगठ्याची सही,
पण माट्टीचं पंखवालं फळ कानाशी धरून हलवतो
आणि सांगतो, हे पोकळ, हे भरीव.
कधी चुकला नाही. म्हणजे दोनदा चुकला,
दोन्ही वेळा अंगात ताप होता.

गेल्या माघात फिनलंडहून आयला आली,
वनखात्याच्या जीपमधून उतरली ती थेट वाफ्याच्या बांधावर बसली.
आजोबांनी लावलेलं स्प्रूस, म्हणाली, पणजोबांनी लावलेलं स्प्रूस,
सगळं एका वयाचं,
शाळेच्या प्रार्थनेला उभं असावं तसं.
आता सालीखाली किडा आहे.
एका उन्हाळ्यात त्याची एक पिढी व्हायची, आता दोन होतात.
आणि हिवाळ्यात जमीन पुरेशी गोठत नाही,
ओंडके ओढणारी यंत्रं चिखलात रुततात.

हे मी पुनोला कोंकणीत सांगितलं.
जमीन गोठत नाही.
तो म्हणाला, "बरें न्हय?"

मग मी त्याला समोरच्या टेकडीवरची अकेशिया दाखवली,
खात्यानेच लावलेली, माझ्या जन्माआधीची,
खाली गवत नाही, आत पाखरू नाही.
"आं," तो म्हणाला. "रांग."

तर ते आता दक्षिणेकडून बी नेतात.
ऐंशी वर्षांनी जे ऊन पडेल
त्या उन्हाची सवय असलेल्या झाडांचं.
पण आज लावलं की पहिल्याच कडाक्यात कोवळा शेंडा करपतो.
रोपाने दोन्ही सोसायचं,
आजची थंडी
आणि अजून न आलेला उन्हाळा.
सांगता सांगता आयला वाफ्यातलं लव्हाळं उपटत राहिली.
उपटायचं नव्हतं ते. मी काही बोलले नाही.

चैत्राच्या तोंडावर आम्हालाही आदेश आला:
घाटापलीकडचं, हल्याळच्या कोरड्या रानातलं माट्टीचं बी वापरा.
कारण इकडे आभाळ चार महिन्यांचं पाणी चाळीस दिवसांत ओतून
हात झटकतं,
शिगम्याआधी झर आटते,
आणि मग डोंगर पेटतो.

पुनोने पोतं सोडलं, एक फळ कानाशी धरलं.
हलवलं. पुन्हा हलवलं.
"भरलेलें आसा. पूण हाका आमचो पावस खबर ना."
मी म्हटलं, आमचा पाऊस
आम्हाला तरी कुठे ओळखू येतो आता.

तो मूठभर बी घेऊन देवाच्या रायेत गेला.
मी गणवेशात होते, म्हणून बाहेरच थांबले.
गाऱ्हाणं तेवढं ऐकू आलं:
भायल्यान आयिल्ली सून, घरांत घे.

आम्ही मिसळून पेरलं, दोन वाट्या इथलं, एक वाटी तिथलं.
हे प्रमाण कुठल्या परिपत्रकात नाही;
पुनोची बायको मिरच्या अशा मिसळते,
दोन रंगाच्या, एक तिखट.
इथल्या पिशव्यांना पांढरा दोरा, तिथल्यांना लाल.
आषाढात लाल रंग धुऊन गेला.
सगळे दोरे पांढरे.

परवा पहाटे फोन वाजला. तिकडे रात्र असावी.
तळ्यावरचा बर्फ पातळ आहे, आयलाने लिहिलं होतं,
यंदा कुणी चालत पलीकडे गेलेलं नाही.
तुमची रोपं?
चारशेतली तीनशे बारा, मी लिहिलं.
कुठली?
मी बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले.
मग लिहिलं, जगलेली.

टाकीत पाणी हातभर उरलंय.
पुनो झारी घेऊन उभा होता. म्हटलं, अर्धीच दे,
त्यांना सवय होऊ दे.
त्याने अर्धी दिली.
मग मी वहीत डोकं घातलं असं पाहून
उरलेलीही.