अभिप्रायाचा रकाना

आजीच्या लॉजची वही मिळाली
जिन्याखालच्या कपाटात, रंगाच्या डब्यांमागे.
पोर्ट एरिन. खोल्या अकरा, तोंड समुद्राकडे,
नाश्ता साडेआठला, वाळूचे पाय बाहेर धुवावेत.

ऑगस्ट एकोणचाळीस : बोल्टनचं एक जोडपं.
अभिप्राय : हवा उत्तम, मासा फारच खारट.
मग एक कोरी ओळ.
मग मे महिना, आणि आजीचं अक्षर एकदम ताठ :
ओटिलिए ब्राश. वय चौतीस. गाव ब्रेस्लाउ.
मुक्काम किती दिवस —
इथे आजीने पेन टेकवलंय, उचललंय.
शाईचा एवढासा ठिपका.

त्या ठिपक्यावरून मी तिला शोधायला निघाले.

हॅरोगेटला एका डॉक्टरच्या घरी ती स्वयंपाकीण.
त्याआधी हातमोजे शिवायची.
बोटांच्या बेचक्यातली शिवण
तिच्याइतकी बारीक कुणाला जमत नसे म्हणे.
म्हणे, म्हणजे तिची भाची म्हणते.
भाची हैफात असते, ऐंशी उलटलेली,
आणि दर पत्रात एखादी गोष्ट बदलते.

हे मात्र बदलत नाही :
दोन पोलीस आले तेव्हा पावाचं पीठ फुगायला ठेवलं होतं.
चार दिवसांचे कपडे घ्या, म्हणाले.
तिने ओल्या फडक्याने परात झाकली,
बाईंना सांगितलं, अकराला भाजायला लावा.
ज्यांच्यापासून पळून आली
त्यांच्यातलीच म्हणून धरली गेली.
पासपोर्टावर देश एकच होता.

आजीकडे बायका चोवीस, पलंग बारा.
खोली नंबर सात, खिडकीशी पितळी गोळ्यांचा पलंग,
नवीन लग्न झालेल्यांसाठी हौसेने घेतलेला.
त्यावर ओटिलिए, आणि फ्राउ वाल्ट्राउट एंगेलके,
जी पॅरिस पडलं त्या रात्री
केस विंचरत गुणगुणत होती.
एक रजई. अकरा महिने.

थंडी कुणाची बाजू विचारत नाही, असं आजी म्हणायची.
मला ते वाक्य फार गुळगुळीत वाटतं.
आई तेव्हा नऊ वर्षांची, गरम पाण्याची बाटली घेऊन वर जायची.
ती सांगायची, दोघींच्या मधोमध
गुंडाळलेला टॉवेल असे.
जानेवारीत तो दिसेनासा झाला.
मार्चमध्ये परत आला.
का, ते कुणी विचारलं नाही.

गावाच्या टोकाला काटेरी तार होती.
आत आमचं चर्च, आमची बेकरी, आमची बोट.
आम्हीही आतच. फक्त आमच्याकडे पास होता.

आईचे हातमोजे माझ्याकडे आहेत,
काळोखाच्या पडद्याच्या कापडाचे.
बोटं जरा लांब ठेवलेली :
पोरीचा हात वाढेल,
आणि हे संपायला वेळ लागेल, या हिशेबाने.

एप्रिलमध्ये सुटका. मँचेस्टर, रेनकोटचा कारखाना.
तीन पत्ते, त्यातला एक खोडलेला.
मग अकरा वर्षं काहीच नाही. मी थांबवलंच होतं शोधणं.

वही परत ठेवताना शेवटची पानं चाळली.
सप्टेंबर अठ्ठावन्न. मिस ओ. ब्राश.
दोन रात्री. खोली मागितली : सात.
भाड्याच्या रकान्यात आजीची खाडाखोड,
आकडा काही लागत नाही.
आणि अभिप्राय, बारीक, शिवणीसारख्या अक्षरात :

पलंग मोठा आहे.