पाणी कुठे मुरतंय

शम्सा बलुशी आली तेव्हा तिच्याकडे
अठ्ठावीस स्लाइड होत्या, प्रश्न एकही नव्हता.
आमचं टँकर मागवायचं ॲप.
मस्कतमध्ये, घलाच्या एका गाळ्यात
सहा माणसं, दोन एसी, त्यातला एक नावाला.
वरून निरोप: इथली पोरं तयार करा,
सहा महिन्यांत प्रॉडक्ट मॅनेजर.
जशी कणीक मळून ठेवलीय, नुसत्या लाटायच्या.

मला तरी कुणी शिकवलं होतं?
पुण्यात टेस्टिंग करायचे. एक दिवस साहेब म्हणाले,
आजपासून तूच ठरव.
काय, ते म्हणाले नाहीत.

म्हणून पहाटे चारला तिला
शेर जमानच्या निळ्या टँकरमध्ये बसवलं.
ऑगस्टचा दमट अंधार,
काच बाहेरून घामेजलेली,
पाणी भरायच्या रांगेत पुढे एकोणीस गाड्या.
बघ, म्हटलं. लिहू नकोस, नुसती बघ.

तिसऱ्या दिवशी म्हणाली,
तो 'पोहोचलो' आधीच दाबतो. खोटं बोलतो का?
मी म्हटलं, आमच्यात म्हणतात,
पाणी कुठेतरी मुरतंय.
अरबीत सांगताना माझी त्रेधा उडाली.
तिनं लिहून घेतलं, उजवीकडून डावीकडे.

मुरत होतं ते इथे:
उशीर झाला की ॲप त्याचे पैसे कापायचं,
आणि अल खूदच्या चढावर भरला टँकर
दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही
हे आमच्या नकाशाच्या गावीही नव्हतं.
नियम माझाच.
तीन वर्षांपूर्वी रात्री साडेअकराला
खूश होऊन लिहिलेला.

परवा पैसे घालणाऱ्यांचा माणूस आला.
ड्रायव्हरना तारे द्या म्हणाला, पाचपैकी.
मी मान हलवूनही बसले होते,
पगाराची तारीख जवळ आलेली.
शम्सानं पाण्याची बाटली बाजूला सरकवली,
अरबीत काही म्हणाली, मग इंग्रजीत,
मग माझ्याकडे बघून
(माझ्या फोनवरून कधी उचललं कोण जाणे)
नको.

नाही, असं नव्हे. नको.
पानावर आडवा हात धरून म्हणतात तसं,
वाढणाऱ्याचा मान राखून.

आकडेमोडीत ती अजून कच्ची आहे.
शेर जमान अजूनही बटण आधीच दाबतो, सवयीनं.
रविवारी निझवाहून नवा मुलगा येतोय.
त्याच्या स्लाइड मी उघडल्या, तेवढ्यात
शम्सा दारातून विचारते,
जमानभाईंना पहाटे किती वाजता सांगू?