धुवण

काळी भुकटी, राखेपेक्षा दमट,
मूठभर पाकिटात.
यात जिवंत आहेत, आत्या म्हणाली,
म्हणून मी पाकिटाला कान लावला.

बुंगोमाकडची लाल माती.
तिच्यात आमचं सोयाबीन उगवायचं ते
काविळीतून उठल्यासारखं.
रोप उपटलं तर मुळं म्हणजे नुसते दोरे.
शेजारचा खाएंबा बांधावरून म्हणाला,
"नालिआका, जे दिसत नाहीत
ते राबतात का, हे कोण मोजणार?"
आत्या गुळाचं पाणी ढवळत राहिली.

टोपात बियाणं, वर चिकट पाणी, वर ती भुकटी.
कोपरापर्यंत काळे हात.
दाणा न् दाणा काजळ घातल्यासारखा झाला
तेव्हा बियाणं सुपात ओतून
ती टोप धुवायला केळीमागे गेली,
जाता जाता मला म्हणाली, वाळू दे जरा.

वाळू दे.
मी शहाणा. मका वाळतो तसा
पत्र्यावर पसरला सगळा ढीग,
भर उन्हात, हाताने नीट सपाट करून.

पन्नास दिवसांनी शेत पिवळं.
खाएंबा काहीच बोलला नाही,
ते बोलण्याहून वाईट.
आत्याने शिव्या घातल्या पाकीट आणणाऱ्या मोटारसायकलवाल्याला,
मग कंपनीला, मग पावसाला.
माझी पाळी आलीच नाही.

केळीमागे, जिथे धुवण ओतलं होतं,
तीन रोपं.
टोपाच्या तळाला चिकटलेले दाणे असतील.
हिरवी. इतकी हिरवी की मला भीती वाटली.
तिने एक अलगद उकरलं.
मुळांना ज्वारीएवढ्या गाठी,
एक नखाने फोडली:
आत गुलाबी, बाळाच्या हिरड्यांसारखं.

"ऊन," ती म्हणाली.
पत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मी गाल पुढे करून उभा.
तिने फोडलेलं अर्धुक माझ्या तळहातावर ठेवलं.
"बघ, बिऱ्हाड थाटलंय.
भाडं हवेतून आणून देतात."
उरलेली दोन रोपं तिने बियाण्याला राखली,
खाएंबाच्या शेळीपासून काटे लावून.

आता पाकिटं मीच वाटतो.
बायका टोप घेऊन आंब्याखाली बसतात,
गूळ किती, पाणी किती, सगळं सांगून होतं.
शेवटी विचारतो, वाळवणार कुठे?
मागून एखादं पोर
हमखास आकाशाकडे बोट दाखवतं.