हातचा एक

ऑगस्ट संपला की समुद्र स्वस्त होतो.
पाणी तेच, वाळू तीच, कुरव पक्षी तितकेच भांडखोर,
फक्त एकतीस तारखेच्या रात्री
कुणीतरी खोल्यांवरचे आकडे पुसतं
आणि सकाळी निम्मे लिहितं.

मी हे जानेवारीतच हेरून ठेवलं होतं.
रादोममध्ये खिडकीच्या काचा आतून गोठलेल्या,
आणि मी औषधांच्या दुकानातून आणलेल्या जुन्या वहीच्या
मागच्या पानावर उस्तका मांडत होते:
रात्रीची गाडी, बसून.
(झोपून गेलो तर तिकडचा एक दिवस कमी.)
खोली तिसऱ्या गल्लीत, कोंबड्यांच्या बाजूची.
खिडकीतून समुद्र दिसायचे वेगळे पैसे पडतात,
समुद्रापर्यंत चालत जायचे पडत नाहीत.

"आपण सुट्टीवर निघालोय की मोहिमेवर?"
बोगदानने विचारलं.
मी त्याच्या पाठीवर बरण्या लादल्या.
कोबीचे रोल चार, बीटाचं सार तीन,
मटणाचे गोळे दोन, मनुकांचा मुरंबा एक.
रुळांचा सांधा आला की पिशवीत काच किणकिणायची
आणि समोरच्या बाकाखालूनही
तशीच कुणाचीतरी काच उत्तर द्यायची.
त्या बाईने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

गेर्त्रुदाबाईंनी किल्ली देताना नियम सांगितले:
किटली हवी तेवढी, अंघोळ पाच मिनिटं,
वाळू दारातच झटकायची.
मग कालिनाकडे वाकून पाहिलं.
"ही शाळेत नाही?"
"पुढच्या सप्टेंबरपासून."
"असं," त्या म्हणाल्या,
"म्हणजे यापुढे जुलैत याल,"
आणि जुलैचा दर सांगितला,
लागट नव्हे, हवामान सांगावं तसा.

एवढी काटेकोर वही माझी,
त्यात हे कुठेच नव्हतं.
जेवण होतं, मोजे होते, परतीची बसही होती.
लेक सहा वर्षांची आहे आणि सात होणार आहे
एवढी साधी बेरीज
मी मांडायचीच राहिले होते.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर आम्ही तिघं
आणि एक कुत्रा, त्याच्यामागे त्याचा म्हातारा.
कालिना कोटात, टोपीत, आणि अनवाणी.
वॉफलवाला फळ्या ठोकून दुकान बंद करत होता.
उरलंय ते संपवतो, म्हणाला, एकाच्या पैशात दोन घ्या.
मी बोगदानकडे पाहिलं
आणि दोनाचे पैसे देऊन तीन घेतले.
त्याला वाटलं, मला हिशेब येत नाही.

वादळानंतर लाटांनी काड्या, शेवाळ,
कुणाची तरी निळी चप्पल आणून टाकलेली.
त्यात तिला ते सापडलं, नखाएवढं, मधाच्या रंगाचं.
"अंबर!"
"बिअरच्या बाटलीची काच," तिचा बाप म्हणाला.
गेर्त्रुदाबाई म्हणाल्या, सोपं आहे,
पेलाभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवा.
तरंगलं तर अंबर. बुडलं तर बाटली.
पेला समोर होता. मीठही होतं, फुकट.
मी नको म्हटलं.

परतीच्या गाडीत बरण्या रिकाम्या,
आता जास्तच वाजत होत्या.
एकीत तेवढं ते मधाच्या रंगाचं, फडक्यात गुंडाळून.
मी दिव्याखाली वही उघडली.
बेरीज जमेना. दोनदा केली, खालून वर केली,
दरवेळी एक कमी.
मग लहानपणी बाई पट्टी आपटून सांगायच्या ते आठवलं,
हातचा विसरलीस.

कालिना झोपली होती माझ्या दंडावर डोकं ठेवून,
वाळूने खरखरीत झालेली तिची बोटं
माझ्या मुठीत.
पेन्सिल दुसऱ्या हातात घेता आली असती.
मी वही मिटली.