नोव्हेंबरपर्यंत वैध

पत्रावर शिक्का होता : राष्ट्रीय सेवा, कालावधी एक वर्ष.
बाबा गल्लीत सांगत सुटले, पोरगी देशाच्या कामावर जाते.
देश सक्करदऱ्यात निघाला.
टायरच्या दुकानावर दोन खोल्या,
वजनकाटा, बीपीचं यंत्र
आणि एकशे बारा म्हाताऱ्यांची यादी.
माझ्या आधीच्या मुलाने काही नावांपुढे
एवढंच लिहून ठेवलेलं : चिडतात.

मंगळवारी मी फोन लावायची.
तब्येत कशी, गोळ्या घेतल्या का, पडलात का कुठे.
रकाने तेवढेच.
पाचपावलीच्या द्वारकाबाई हेडाऊ
उत्तर द्यायच्या आधी विचारत, "जेवली का तू?"
मी हो म्हणायची.
"काय जेवली?"
इथे मी अडायची.

नोव्हेंबरात सगळे आपण जिवंत आहोत
हे सिद्ध करायला येतात.
जिना उभा, म्हणून यंत्र खाली आणलं.
इक्बालभाईंनी टायर रचून दिले बसायला,
आणि रबराच्या वासात
रांगेने बसली रेल्वे, मनपा, पोस्ट, मिल.

तुळशीराम नंदनकर. एकतीस वर्षं सूतकताई खात्यात.
अंगठा ठेवला. जुळत नाही.
तर्जनी. जुळत नाही.
कोमट पाणी, खोबरेल, माझी ओढणी,
दहाही बोटं.
"रेघा साऱ्या सुतासंगं गेल्या बाप्पा," ते म्हणाले,
"मिलमध्येच राह्यल्या. अन् मिल तं पाडली.
आता कुठून आणू?"
मागचे हसले. तेही हसले.
मी त्यांचा हात धरून होते,
गरम, जरासा थरथरता,
आणि पडदा सांगत होता, असा माणूस सापडत नाही.

तिसऱ्या दिवशी डोळ्याचं यंत्र मिळालं.
पापणी मिटू नका काका, अजून थोडं, अजून.
हिरवी खूण.
"झालो का मी जित्ता?"
कागदाची चौघडी करून त्यांनी बंडीच्या खिशात घातली
आणि रांगेला चहा पाजला.

फेब्रुवारीत गेले.

खिडकीवरचा माणूस सज्जन होता.
म्हणाला, मृत्यूचा दाखला आणा,
तोवर आमच्याकडे ते चालू आहेत,
नोव्हेंबरपर्यंत वैध.
बाहेर हातगाडीवर संत्री. मी पायरीवर बसून राहिले.
मला काही घाई नव्हती त्यांना बंद करायची.
काकूंना होती. त्यांची पेन्शन
त्याच कागदामागे अडकलेली.
दाखल्यात नंदनकरचं नंदनवार झालं होतं,
ते निस्तरायला सहा आठवडे गेले.
जगणं तीन दिवसांत सिद्ध झालं होतं.

मेमध्ये देशसेवा म्हणजे कूलरात पाणी.
इंदोऱ्यात तिसऱ्या मजल्यावर श्यामकुवर सर
मी बादली टेकवली की पेपर वाचत,
"कालचं तापमान शेहेचाळीस पॉइंट दोन,"
जणू त्यांच्याच विद्यार्थ्याला मार्क पडलेत.
मग वाळ्याच्या ताट्या थेंबथेंब गळायला लागत
आणि आम्ही दोघंही काही बोलत नसू.
त्या वेळेचा अहवाल मला कधी लिहिता आला नाही.

जुलैत नवा मुलगा आला, भंडाऱ्याचा.
इस्त्रीचा शर्ट, नवी वही.
विचारलं, मॅडम, काम कठीण आहे का?
मी म्हटलं, जिना कठीण आहे.

रात्री बसून त्याच्यासाठी यादी पुन्हा लिहिली.
जिथे जिथे "चिडतात" होतं तिथे खोडून :
बेल ऐकू येत नाही. नावाने हाक मार.
यांना पायाबद्दल विचारू नकोस, मुलीबद्दल विचार.
यांच्याकडे साखर संपली की तब्येत बरी नसते.
नंदनकर, तुळशीराम : रेघ मारलेली,
पण काकूंचा नंबर तोच, त्यांना फोन सुरू ठेव.

आणि हेडाऊ, द्वारकाबाई :
फोन लावण्याआधी जेवून घे.
खोटं बोललास तर त्यांना कळतं.