कोणत्या डोक्याला?

सावद्याच्या बाहेर, रावेर रस्त्याला,
केळी पिकवायच्या कोठीत माझी रात्रपाळी.
तासातासाला काटा बघायचा, वहीत आकडा मांडायचा,
मधल्या वेळात
मी मरते.

काल सतरा वेळा मेले.
विहिरीत वाकून विचारलं, "कोण आहे?"
विहीर म्हणाली, "बघ की," आणि आत घेतलं.
मेलेल्या कारकुनाचा चष्मा घातला,
तर मला माझीच फाईल दिसली, बंद झालेली.
एकदा काही सुचेना म्हणून नुसतीच बसले. खेळ म्हणाला:
"तू बसलीस. जखीणही बसली. तुझ्यावर."

चित्र नाही, आवाज नाही.
काळा पडदा, पांढरी अक्षरं,
खाली लुकलुकणारी एक रेघ:
आता काय करतेस, बाई?

लिहिलाय ललित झोपेने. फैजपूरला
माझ्या मागच्या बाकावर घोरायचा.
झोपे आडनावाच्या माणसाने
माझी झोप घालवावी, याला काय म्हणावं!
राजवाडा हाडांचा, भिंती घामेजलेल्या,
वाचताना मानेवर गार फुंकर येते,
आणि पायरीवर पाटी:
"चपला बाहेर काढाव्यात. पाय काढू नयेत."

दाराशी तीन डोक्यांचा पहारेकरी.
एक रागीट, एक पेंगुळलेलं,
तिसरं उपाशी, आपल्याच बोलीत कण्हणारं:
"काय आनलं वं माय खायाले?"

मी लिहिलं: शेवभाजी दे.
"शेव आहे. भाजी मागच्या खोलीत तुलाच शोधतेय."
पळ.
"पळालीस. पाय मागून येतायत."
रड.
"रडलीस. बरं वाटलं? त्यालाही वाटलं."

तीनच्या सुमारास डोक्यात उजेड पडला.
सहाव्या मरणात सापडलेलं
ते बामणोदचं वांगं! पिशवीत तसंच होतं.
स्मशानात परत गेले. कपाशीच्या काड्या रचल्या,
लिहिलं: चितेवर वांगं भाज.
चिता म्हणाली, "उलटव जरा, एका अंगाने करपतंय."
मिरची, लसूण, कांद्याची पात,
बडगी कुठून आणली ते विचारू नका,
तिच्यासाठी मी दोनदा बुडाले.

घाम पुसून लिहिलं: भरीत दे.
खेळाने विचारलं:
"कोणत्या डोक्याला?"

एवढी हसले एकटीच,
की चार नंबरच्या कोठीतली केळी
एक दिवस आधीच पिवळी पडली असतील.
साडेतीनचा आकडा मांडायचा राहिला.

पाचला गाडी लागली. हॉर्न.
"हेमाताई, दार उघडा!"
"कोणतं?" म्हटलं. "आणि कशाने?"
चाव्या माझ्याच हातात होत्या.
मग टॉर्च केबिनवर मारला:
काचेमागे तीन डोकी.
एक संतापलेलं, एक घोरत पडलेलं,
तिसरं खिडकीतून बाहेर वाकून म्हणालं,
"डब्यात काही हाये का वं ताई?"

होतं.
मी तिथेच उभी,
रेघ लुकलुकतेय.